चांगली चालली होती की मालिका, मग गुंडाळली कशाला?

दर काही महिन्यांनी हे होतंच. एखादी जरा वेगळी मालिका येते, विषय नवा, माणसं माणसांसारखी बोलतात, कोणी कोणाच्या दुधात काही कालवत नाही, आपण मनातल्या मनात म्हणतो चला बघण्यासारखं काहीतरी आलं, तोवर बातमी येते की शेवटचा भाग अमुक तारखेला. आणि तिकडे स्मृती गेलेली सून, स्मृती परत आलेली सून, मेलेला नवरा, न मेलेला नवरा असली मालिका पाचव्या वर्षात, मध्ये सात वर्षांचा लीप घेऊन जोरात चालू. मग ग्रुपवर सगळ्यांचा एकच निकाल, लोकांनाच अक्कल नाही भो, लोकांना हेच पाहिजे.

मला हे पटत नाही. म्हणजे राग समजतो, पण कारण चुकीचं आहे. लोकांच्या अकलेचा इथे फार कमी संबंध आहे, सगळा खेळ मोजण्याचा आहे, काय मोजतात आणि काय मोजता येतच नाही याचा.

आधी धंदा समजून घ्या. आपल्याला वाटतं चॅनेल आपल्याला मालिका विकतं. तसं नाहीये. आपण भरतो ते केबलचं नाहीतर डिशचं पॅकेज, त्यात पन्नास चॅनेल एकत्र, एका मालिकेसाठी म्हणून कोणी वेगळा रुपया देत नाही. मनोरंजन चॅनेलची मोठी कमाई जाहिरातीतून, आणि जाहिरातवाल्याला चॅनेल काय विकतं तर रात्री साडेआठ ते नऊ या वेळात टीव्हीसमोर असलेली माणसं. साबणवाला, चहावाला, मसालेवाला दहा सेकंदांचा भाव ठरवतो तो समोर किती डोकी आहेत यावर. केबल टीव्हीच्या नियमात तासाला १२ मिनिटं जाहिरात चालते, १० बाहेरची आणि २ चॅनेलच्या स्वतःच्या प्रोमोची, त्यामुळे वेळ वाढवून कमाई वाढवता येत नाही, डोकीच वाढवावी लागतात. मालिका म्हणजे ती डोकी त्या वेळेला त्या जागी आणून बसवायचं साधन, एवढंच तिचं काम, बाकी कथा वगैरे आपण आपल्या समाधानासाठी म्हणायचं.

आता डोकी मोजतात कशी? बार्क म्हणजे ब्रॉडकास्ट ऑडियन्स रिसर्च कौन्सिल नावाची संस्था आहे, चॅनेलवाले, जाहिरातदार आणि जाहिरात एजन्स्यांनी मिळून काढलेली, २०१५ पासून तीच आकडे देते, त्याच्या आधी हे काम टॅम नावाची कंपनी करायची. देशभरात निवडलेल्या घरांत मीटर बसवलेले असतात, साधारण पंचावन्न हजारांच्या आसपास, आणि ती घरं कोणती हे गुपित. चॅनेलच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते, मीटर ती खूण पकडतो आणि कोणतं चॅनेल लागलंय ते नोंदवतो. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण दिलेलं, टीव्हीसमोर बसलं की दाबायचं, उठलं की पुन्हा दाबायचं. आठवड्याचा हिशोब होतो आणि गुरुवारी आकडे बाहेर पडतात, त्यालाच आपण अजून टीआरपी म्हणतो.

बार्कच्याच २०२० च्या अंदाजाप्रमाणे देशात टीव्हीची घरं २१ कोटी. भागाकार करून बघा, एका मीटरच्या मागे सरासरी ३,८०० घरं. पारोळ्यासारख्या लहान शहराच्या वाट्याला या हिशोबाने जेमतेम दोन मीटर येतील, आणि येतीलच असंही नाही. आता लगेच म्हणू नका की मग सगळं खोटंच आहे. नीट निवडलेल्या थोड्या घरांवरून मोठ्या लोकसंख्येचा अंदाज बांधता येतो, निवडणुकीच्या सर्व्हेला तर याहून कमी माणसं असतात. पण एक गोम आहे. मोठ्या मालिकेचा आकडा मोठ्या घोळक्यावर उभा असतो, त्यातली चार घरं इकडेतिकडे झाली तरी फरक पडत नाही. लहान मालिकेचा आकडा मोजक्याच मीटरवर, आणि त्यातली दोन-चार घरं आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला गावी निघून गेली की आकडा खाली, सुट्टी संपवून परत आली की वर. म्हणजे वेगळ्या मालिकेचा आकडा मुळातच जास्त डगमगतो, आणि डगमगणारा आकडा पाहून कोणी पैसा लावत नाही.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो कारण ती आपल्या खानदेशातल्या लोकांना लागू पडते. टॅमच्या काळात मीटर होते शहरांत, खेड्यांचा हिशोबच नव्हता. बार्कने खेडी धरून आकडे द्यायला सुरुवात केली ऑक्टोबर २०१५ मध्ये. त्याच्या आधी साक्री तालुक्यातल्या एखाद्या गावात अख्खी आळी एका घरात बसून मालिका बघत असेल तरी हिशोबात ती शून्य. खेडी धरली आणि देशभरात चॅनेलच्या यादीत उलथापालथ झाली, डीडी फ्री डिशवर फुकट दिसणारी चॅनेल एकदम वर आली, ज्यांना मुंबईतल्या ऑफिसात कोणी विचारत नव्हतं. म्हणजे लोक बदलले नव्हते, फक्त मोजपट्टी बदलली होती.

आता मुख्य मुद्दा. मीटर मोजतो दोन गोष्टी, किती जण आणि किती मिनिटं. मीटर काय मोजत नाही तर किती जीव लावून. तीस घरं एखाद्या मालिकेसाठी जेवण लवकर उरकून, फोन बाजूला ठेवून बसली आणि नव्वद घरांत दुसरी मालिका नुसतीच चालू आहे, आजी डुलक्या घेतायत, पोरगा मोबाईलमध्ये आहे, तर मीटरच्या लेखी नव्वदवाली तिप्पट चांगली. आवड किती खोल हा रकानाच नाही त्या कागदावर.

हे समजायला आमच्याकडे लांब जायची गरज नाही, केळी बघा. रावेर-यावलकडे आधी बसराई, श्रीमंती या जातींची केळी होती, जुनी माणसं अजून त्या चवीच्या आठवणी काढतात, आता जिकडे बघावं तिकडे ग्रँड नैन. शेतकऱ्याची जीभ गेली का? नाही ना. व्यापारी क्विंटलवर घेतो, घड किती भरला, सगळी फणी एकसारखी आली का, ट्रकात दिल्लीपर्यंत टिकेल का, हे बघून भाव देतो, आणि काट्यावर चव चढत नाही. शेतकरी काट्यावर जे चढतं तेच लावणार.

आता चॅनेलवाल्यांच्या काट्यावर जास्तीत जास्त काय चढतं ते बघायला माझ्या मावशीच्या स्वयंपाकघरात या. पारोळ्याला असते ती. टीव्ही पुढच्या खोलीत, मावशी आतल्या खोलीत चुलीजवळ, म्हणजे आता गॅसजवळ, पाठ टीव्हीकडे. सात ते नऊ तिच्या हातात कळण्याच्या भाकरी असतात, एक तव्यावर, एक थापायची, मध्येच भरिताच्या वांग्यावर नजर. या दोन तासांत ती चार मालिका ‘बघते’ आणि स्क्रीनकडे बघते फार तर दहा-बारा वेळा, बाकी सगळं कानाने. खलनायिका आली की तिचं ठरलेलं संगीत वाजतं, मावशीला न बघता कळतं कोण आलं. धक्का बसला की ढॅण ढॅण ढॅण तीनदा, आणि तेवढ्या वेळात सगळ्या घराच्या चेहऱ्यांवरून कॅमेरा फिरतो, तेवढ्यात भाकरी उलटून होते. पात्रं एकमेकांना पूर्ण माहिती देत बोलतात, ‘म्हणजे काल रात्री जे कागद गायब झाले ते तू घेतले होतेस’ वगैरे, जे खऱ्या आयुष्यात कोणी बोलत नाही, पण मावशीला कालचा भाग लाईट गेल्यामुळे हुकलेला असतो आणि या एका वाक्यात तिचा सगळा बॅकलॉग भरून निघतो. मी एकदा म्हटलं, मावशी यात नवीन काय आहे, तर मान न वळवता म्हणाली, ‘बठ्ठं सारखंच शे, पन कानले बरं वाटस.’ म्हणजे सगळं सारखंच आहे, पण कानाला बरं वाटतं.

आपण ज्याला फॉर्म्युला म्हणून हसतो ना, तो मूर्खपणाने आलेला नाहीये भाऊ. तो कान, भाकरी आणि लोडशेडिंग यांच्यासाठी बनलेला कार्यक्रम आहे. चार दिवस हुकले तरी चालतं, पाठ करून बसलं तरी चालतं, घरातली आजी आणि नातू एकत्र असले तरी कोणाला उठून जावं लागत नाही. आणि वेगळी मालिका? तिच्यात एखादा प्रसंग नुसता नजरेवर असतो, संवाद नाही, संगीत नाही, दोन माणसं दाराशी उभी आणि त्यांच्यात काहीतरी तुटलं. बघणाऱ्याला अंगावर काटा, आणि मावशीच्या कानाला अर्धा मिनिट शांतता, तिला वाटणार केबल गेली. तो भाग हुकला की पुढचे तीन भाग कळत नाहीत, मग ती रिमोट नातवाला देणार, नातू बदलणार, मीटर ते नोंदवणार.

अमेरिकेत एनबीसी नावाच्या नेटवर्कमध्ये पॉल क्लाईन म्हणून एक अधिकारी होता, त्याने १९७० च्या आसपास हीच गोष्ट थेट सांगितली होती. त्याचं म्हणणं, लोक कार्यक्रम बघायला बसत नाहीत, लोक टीव्ही बघायला बसतात, टीव्ही लावायचं आधीच ठरलेलं असतं, आणि मग जे लागलंय त्यातलं सगळ्यात कमी खुपणारं जे असेल त्यावर थांबतात. म्हणजे जिंकायला सगळ्यात आवडतं असायची गरज नाही, कोणालाच नकोसं वाटू नये एवढं पुरे. नवी कल्पना म्हटली की ती कोणाला तरी खुपणारच, कोणाला कळणार नाही, कोणाला पोरांसमोर अवघडल्यासारखं होणार. एकच टीव्ही आणि घरात सात माणसं असली की एकाचाही नकार सगळ्यांवर भारी पडतो.

बरं मग इतकी चॅनेल आहेत, एकाने तरी वेगळं करावं ना? सगळे एकाच वेळी सासूच का दाखवतात? हे कोडं मला स्वतःला खूप वर्षं पडायचं, आणि त्याचं उत्तर एका जुन्या गणितात आहे. पीटर स्टायनर नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९५२ मध्ये अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांबद्दल ते मांडलं होतं, मी आपल्या आळीवर बसवून सांगतो. समजा शंभर घरं आहेत. नव्वद घरांना कौटुंबिक मालिका आवडते, दहा घरांना काहीतरी निराळं पाहिजे. पहिलं चॅनेल आलं, ते नव्वदांकडे जाणार, उघड आहे. दुसरं चॅनेल आलं, त्याने पण तीच मालिका दाखवली तर नव्वदाचे दोन भाग, पंचेचाळीस मिळतील, निराळं दाखवलं तर दहाच. मग पंचेचाळीसच घेणार ना. तिसऱ्याला तीस, चौथ्याला साडेबावीस, पाचव्याला अठरा, सहाव्याला पंधरा. सहावं चॅनेल येऊनही सासूच फायद्याची, कारण पंधरा हे दहापेक्षा जास्तच. नऊ चॅनेल झाली की तिथे बरोबरी होते आणि दहाव्याला पहिल्यांदा वाटेल की त्या दहा घरांकडे बघावं. तोवर ती दहा घरं तशीच, आणि लक्षात घ्या, इथे कोणीही मूर्ख नाही, कोणीही दुष्ट नाही, प्रत्येक जण आपापला हिशोब बरोबर करतोय.

याच गणिताची दुसरी बाजू अजून मजेशीर आहे. सगळी स्टेशनं एकाच मालकाची असती तर तो एक नव्वदांना देईल आणि दुसरं दहांना, कारण आपलेच प्रेक्षक आपल्यातच वाटून त्याला काय मिळणार. आता आठवा दूरदर्शन. एकच मालक, स्पर्धा नाही, बघणारा जाणार कुठे. १९८४ ची ‘हम लोग’ कुटुंबनियोजनाचा निरोप पोचवायला म्हणून सुरू झालेली, १९८८ ची ‘भारत एक खोज’ त्रेपन्न भाग चालली, इतिहासावर, निवांत. संध्याकाळी ‘आमची माती आमची माणसं’, ज्यात कपाशीवरच्या किडीबद्दल कोणीतरी गंभीरपणे बोलतंय आणि आमच्याकडे म्हातारे ते नाटकाइतकं मन लावून बघायचे. आज हे कोणत्याच खाजगी चॅनेलच्या प्राइम टाइमला शक्य नाही. सरकारी मक्तेदारी बरी होती असं मी म्हणत नाही, त्यात रटाळपणाही भरपूर होता आणि वशिलाही, पण चॅनेल वाढली की प्रकार वाढतील हे जे आपण गृहीत धरलं होतं ते तसं आपोआप होत नाही, एवढं नक्की.

याचा पुरावा मराठीत दिसतो. नवं चॅनेल आलं की पहिली एक-दोन वर्षं धाडस करतं, कारण गमवायला काही नसतं. स्टार प्रवाह २००८ मध्ये सुरू झालं तेव्हा ‘अग्निहोत्र’ सारखी पिढ्यांमध्ये मागेपुढे जाणारी, शेवट ठरवून आणलेली मालिका त्यांनी लावली होती. तेच चॅनेल पहिल्या नंबरवर आलं ते २०२० नंतर, कुठल्या मालिकांवर, तर ‘आई कुठे काय करते’, ‘रंग माझा वेगळा’, पुढे ‘ठरलं तर मग’. यातली पहिली मूळ बंगाली ‘श्रीमोयी’, तिचीच हिंदीत ‘अनुपमा’, दुसरी मूळ मल्याळम, तिसरी मूळ तमिळ ‘रोजा’. म्हणजे दुसऱ्या राज्यात लाखो घरांवर आधीच तपासून झालेली गोष्ट आणायची. नवी गोष्ट लिहून घ्यायला फार पैसे लागतात म्हणून नाही, तर ती पडली तर काय या भीतीपोटी रिमेक.

आणि सोनी मराठी. २०१८ चं चॅनेल, नवखं, म्हणून ‘सावित्रीजोती’ करू शकलं, जोतिराव आणि सावित्रीबाईंवर रोजची मालिका, जानेवारी २०२० ला सुरू, डिसेंबरमध्ये बंद, टीआरपी नाही म्हणून. तेव्हा खूप हळहळ झाली, लोकांनी फेसबुकवर लिहिलं की महाराष्ट्राला लाज वाटली पाहिजे. मला त्या पोस्टी वाचताना एकच वाटायचं, लिहिणाऱ्यांपैकी कितींच्या घरी रोज त्या वेळी ते चॅनेल लागत होतं? प्रेम असणं वेगळं आणि सोमवार ते शनिवार ठरल्या वेळेला त्या जागी असणं वेगळं. वेगळ्या मालिकेचा प्रेक्षक बहुतेक वेळा असाच असतो, नोकरीवाला, उशिरा घरी येणारा, नंतर मोबाईलवर तुकड्यांत बघणारा, तारीफ भरपूर करणारा आणि मीटरला न दिसणारा.

आता कारखान्याच्या आत डोकावू. रोजची मालिका म्हणजे आठवड्याला सहा भाग, कधी रविवारचा महाएपिसोड वरून. ढोबळ हिशोब असा की एका दिवसात एक भाग शूट व्हायला पाहिजे, बारा-बारा तास, आणि पुढचे थोडे भाग तयार असतात त्याला म्हणतात बँक. बँक संपत आली की सगळ्यांचा जीव वर. निर्मात्याला चॅनेल प्रत्येक भागामागे ठरलेली रक्कम देतं, मालिकेचे हक्क सहसा चॅनेलकडेच. मग निर्माता कशात वाचवणार? ठाण्याच्या घोडबंदर रोडला किंवा फिल्म सिटीत एक वाडा नाहीतर बंगला उभा करायचा, हॉल, किचन, जिना, देवघर, आणि पाचशे भाग त्यातच काढायचे. सेटचा खर्च पाचशेने भागला की नगण्य होतो. म्हणून या मालिकांमधली माणसं ऑफिसला जात नाहीत, सगळं राजकारण हॉलमध्ये. वेगळी मालिका रोज बाहेर पडते, नवी जागा, नवं पात्र, दिवसाला अर्धाच भाग होतो, आणि जेमतेम शंभर-दीडशे भागांत गोष्ट संपणार. सारखाच मोबदला, दुप्पट खर्च, वर आयुष्य कमी.

लेखनाचं पण तसंच. कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे, आणि गुरुवारी आकडे आले की चॅनेलमधून फोन, अमुक ट्रॅक वर गेलाय तो ताणा, अमुक पात्र चालत नाहीये त्याला गावाला पाठवा. सासू-सुनेची गोष्ट अशी ओढाताण सहन करते, कारण तिला शेवटच नसतो, मध्ये कुठेही लग्न, अपघात, कोर्ट घाला, ती पुढे चालतेच. जिची गोष्ट आधीपासून नीट बांधलेली आहे, पाचव्या भागातली चावी पन्नासाव्या भागात लागणार आहे, ती अशी दर गुरुवारी ओढली की मोडते, आणि मग जे चार चाहते होते ते पण म्हणतात, पहिल्यासारखी नाही राहिली.

त्यात जागा किती? संध्याकाळी सात ते रात्री साडेदहा, अर्ध्या अर्ध्या तासाच्या सात खुर्च्या. आठवी नाही. नवीन मालिका म्हणजे कोणाला तरी उठवायचं, आणि नवीनचा गाजावाजा करायला प्रोमो, होर्डिंग, पेपरात पान, हा सगळा खर्च पहिल्या भागाच्या आधीच. त्यामुळे जुनी मालिका उतरणीला लागली तरी बसून राहते, ‘चार दिवस सासूचे’ २००१ ते २०१३ चालली, तीन हजारांहून जास्त भाग, मध्ये पोरं शाळेत जाऊन कॉलेज करून बाहेर पडली.

प्रयोग जगतात ते या सातांच्या बाहेर, कडेला टाकलेल्या खुर्चीत. झी मराठीने रात्री साडेदहाच्या वेळेला २०१५ मध्ये ‘दिल दोस्ती दुनियादारी’ लावली, एका फ्लॅटमध्ये राहणारी सहा पोरंपोरी, सासू नाहीच. २०१६ मध्ये त्याच वेळेला ‘रात्रीस खेळ चाले’, कोकणातलं घर, मालवणी बोली, भीती, आणि तिचे पुढे अजून दोन सीझन आले, २०१९ आणि २०२१ ला. साडेदहाला अपेक्षाच कमी, पडली तरी नुकसान कमी, आणि भाकरी-भांडी आटोपलेली असल्यामुळे बघणाऱ्याचे डोळे मोकळे असतात. आमच्या खेड्यांत मात्र साडेदहाला निम्मं गाव झोपलेलं, उन्हाळ्यात तर गच्चीवर, पहाटे पाण्याची पाळी असते, त्यामुळे ज्या वेळेला जरा बरं काही लागतं तेव्हा आम्ही नाही, आणि आम्ही असतो तेव्हा ते नाही.

हे फक्त आपल्याकडचं आहे असं समजू नका. अमेरिकेत ‘स्टार ट्रेक’ १९६६ ला सुरू झाली, दुसऱ्या सीझननंतर बंद होणार म्हणून चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, नेटवर्कने तिसरा सीझन दिला पण शुक्रवारी रात्री दहाला, जेव्हा तिचा तरुण प्रेक्षक घराबाहेर, आणि १९६९ मध्ये खेळ खलास. नंतर पुन:प्रक्षेपणात ती इतकी चालली की त्यावर अख्खा उद्योग उभा राहिला. २००२ ची ‘फायरफ्लाय’ तर शुक्रवारी लावून वर भागांचा क्रमच उलटसुलट दाखवला, चौदा भाग बनले होते, अकराच दाखवून बंद केली. दोन्ही ठिकाणी चाहते कमी नव्हते, ते त्या ठरल्या तासाला तिथे नव्हते.

इथे एक गोष्ट आपण सगळे विसरतो म्हणून मध्येच घुसवतो. साच्यातल्या मालिका पण ढिगाने बंद पडतात. सहा महिन्यांत गुंडाळलेल्या सासू-सुना मोजायला बसलात तर बोटं पुरणार नाहीत, फक्त त्यांच्यासाठी कोणी पोस्ट लिहीत नाही, नावं पण आठवत नाहीत. आपल्याला दिसतात त्या टिकलेल्या पाच. आणि आज जो साचा आहे तो कधीतरी प्रयोगच होता. ३ जुलै २००० ला स्टार प्लसवर ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि त्याच दिवशी रात्री साडेदहाला ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’. अमिताभसारखा सिनेमाचा हिरो टीव्हीवर प्रश्न विचारतोय आणि रोज रात्री एका गुजराती घरातली भांडणं, दोन्ही त्या वेळी जुगार होते. जुगार लागला, सगळ्यांनी नक्कल केली, नक्कल म्हणजेच साचा.

साचा म्हटला की फक्त सासू पण नाही हं. ‘सीआयडी’ १९९८ ते २०१८ चालली आणि डिसेंबर २०२४ मध्ये परत आली, दर भागात नवा खून, भाग संपला की गोष्ट संपली. महिनाभर नाही बघितलं तरी अडत नाही. म्हणजे टिकण्याचं रहस्य विषयात कमी आणि ‘हुकलं तरी चालतं’ यात जास्त आहे.

मग ओटीटी आलं तेव्हा वाटलं आता सुटलो, ठरलेली वेळ नाही, खुर्च्या सात नाहीत, आवडेल तेव्हा बघा. थोडं खरंही झालं. पण तिथे मोजपट्टी वेगळी, काटा आहेच. किती जणांनी सुरू केलं यापेक्षा शेवटपर्यंत किती जण गेले, आणि तेवढ्या बघण्यासाठी खर्च किती झाला. सीझन वाढला की कलाकारांचे मानधन वाढतात, प्रेक्षक मात्र सहसा तेवढेच किंवा कमी. नवी सीरिज नवीन ग्राहक ओढते, जुनीचा तिसरा सीझन आधीच असलेल्यांनाच खूष करतो. नेटफ्लिक्सची ‘१८९९’ नोव्हेंबर २०२२ मध्ये आली आणि जानेवारी २०२३ मध्ये पुढचा सीझन नाही म्हणून जाहीर पण झालं, कोडं अर्धवट. यातून एक वाईट सवय लागली, लोक म्हणतात पूर्ण होऊ दे मग बघू, उगाच अडकायला नको, आणि सगळेच थांबले की पहिल्या महिन्याचे आकडे पडतात, आणि आकडे पडले म्हणून ती पूर्ण होतच नाही.

आमच्यासाठी खरी फट पडली ती यूट्यूबवर. मराठी मालिकांत कोल्हापुरी आली, सातारी आली, मालवणी आली, ‘माझ्या नवऱ्याची बायको’ मधली नागपूरची राधिका आली, खानदेशी बोली म्हणजे आमची अहिराणी मात्र कोपऱ्यातच राहिली, कारण अर्ध्या तासाच्या खुर्चीला पुणे-मुंबईपासून सगळ्यांना कळेल अशी भाषा लागते आणि ‘काय करी राह्यना’ ऐकून बाकीच्यांनी रिमोट उचलला तर? यूट्यूबला खुर्च्याच नाहीत, एक व्हिडिओ टाकला म्हणून दुसरा उठवावा लागत नाही. त्यामुळे अहिराणी गाण्यांचे व्ह्यूज कोटींत गेले, धुळ्या-जळगावकडची पोरं मोबाईलवर शूट करून कॉमेडी टाकायला लागली, वहीगायनाच्या, म्हणजे आमच्याकडच्या लोकगायनाच्या, रात्री पण आता अपलोड होतात. मुंबईतला कोणी अधिकारी यातल्या एकालाही हो म्हणाला नसता.

आता त्याच व्हिडिओंची यादी खाली सरकवून बघा. बायको माहेरी गेली, नवरा दारू पिऊन आला, सासरा चिडला, प्रत्येकाच्या थंबनेलवर तोंड वासलेला एक माणूस आणि लाल बाण. जो व्हिडिओ चालला त्याचे पुढच्या आठवड्यात आठ भाऊ. मध्ये एकाने कापूस वेचणीच्या मजूर बायकांवर फार सुंदर, जवळजवळ बिनसंवादाचा व्हिडिओ टाकला होता, मी मावशीला दाखवला, तिने पूर्ण बघितला, हात पुसून, पाठ न करता. खाली व्ह्यूज होते अकराशे. त्या पोराचा पुढचा व्हिडिओ नवरा-बायकोच्या भांडणाचा आहे, आणि त्याला चार लाख.